विद्यार्थी सवलती आणि मोफत साधने : मराठवाड्यातून पाहिलेले एक परीक्षण

जून-जुलै उजाडला की महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींच्या याद्या मोबाईलवर फिरू लागतात. लॅपटॉपवरील सूट, गाण्यांच्या ॲपची अर्ध्या किमतीतील वर्गणी, कपड्यांची आणि बुटांची कुपने यांनी त्या भरलेल्या असतात. गेवराई, कळमनुरी किंवा औसा तालुक्यातील गावातून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या आणि घरातला एकच स्मार्टफोन भावंडांसोबत वापरणाऱ्या मुलामुलींना त्यांतले फारच थोडे हाती लागते. मी पदवी महाविद्यालयात शिकवते आणि माझ्यासमोर बसणारे बहुतांश विद्यार्थी असेच आहेत. म्हणून या परीक्षणात मी प्रत्येक सेवा त्यांच्या बाजूने पाहिली आहे : ती मिळवायला किती सह्या आणि किती हेलपाटे लागतात, ती साध्या फोनवर चालते का, आणि मिळाल्यावर तिचा शिक्षणाला खरोखर उपयोग होतो का.

सर्वांत आधी प्रवास, कारण मराठवाड्यातील अनेक घरांत मुलीचे शिक्षण फीच्या आधी प्रवासापाशी अडते. राज्य परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे विद्यार्थ्याला भाड्याचा केवळ एक तृतीयांश भाग भरावा लागतो. बारावीपर्यंत शिकणाऱ्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून हा पास पूर्णपणे मोफत मिळतो. पूर्वी या पाससाठी बोनाफाईड घेऊन आगाराच्या खिडकीपुढे तासन्‌तास उभे राहावे लागे. २०२४च्या जूनपासून महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयांत नेऊन देण्याची मोहीम हाती घेतली आणि ही सेवा कितीतरी सुसह्य झाली. मात्र त्यासाठी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे वेळेवर पाठवावी लागते. यादी गेली नसेल तर दोष आगाराचा नसून आपल्याच कार्यालयाचा असतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घेऊन तिथे विचारणा करावी. १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवसच महाविद्यालयात येणाऱ्या मुलींनी पास आणि अर्धे तिकीट यांचा हिशोब एकदा मांडून पाहावा. या सेवेत मला खटकणारी गोष्ट सवलतीच्या आकड्यात नसून वेळापत्रकात आहे. प्रात्यक्षिके संपण्याआधीच गावाकडची शेवटची गाडी सुटत असेल, तर पास खिशात असूनही विज्ञान शाखेची मुलगी दुपारनंतरचे तास सोडून निघते.

मोफत पास बारावीला संपतो, आणि नेमके तिथेच अनेक मुलींचे शिक्षण थांबते. या टप्प्यावर रेल्वेची एक सवलत फार मोलाची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे : घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य मिळतो. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड या पट्ट्यात ज्यांचे गाव स्थानकाजवळ आहे, त्यांनी महाविद्यालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र घेऊन स्थानकावर चौकशी करावी. कोणत्या गाडीत हा पास चालतो आणि कोणत्या गाडीत चालत नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. बीड शहराच्या परिसरातील आणि डोंगरपट्ट्यातील मुलींना या सवलतीचा आजवर फारसा उपयोग झालेला नाही, कारण तिथे रुळच उशिरा पोहोचले. म्हणूनच एसटीचा मोफत पास पदवीपर्यंत वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ग्रंथालयाकडे वळते, कारण या परीक्षणाचा गाभा तिथे आहे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राची एन-लिस्ट नावाची सेवा २०१०पासून देशभरातील महाविद्यालयांसाठी चालू आहे. तिच्यातून सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके वाचायला मिळतात. अनुदानित महाविद्यालय वर्षाला काही हजार रुपयांची वर्गणी भरते आणि त्या बदल्यात प्रत्येक प्राध्यापकाला व प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे युजरनेम आणि पासवर्ड मिळू शकतो. महाविद्यालयाच्या आवारात असण्याची अट नाही. वसमतच्या शेतातील घरात बसूनही तीच पुस्तके उघडतात. सेवा म्हणून मी हिला सर्वांत वरचे स्थान देईन, आणि तरीही माझ्या माहितीतील विद्यार्थ्यांपैकी अगदी थोड्यांनी तिचे नाव ऐकलेले असते. कित्येक महाविद्यालयांत वर्गणी नियमित भरली जाते, मूल्यांकनाच्या अहवालात तिचा उल्लेखही होतो, पण लॉगिन प्राध्यापकांपुरतेच तयार केले जाते आणि विद्यार्थ्यांची यादी ग्रंथपालांपर्यंत कधी जातच नाही. ज्या सुविधेचे पैसे विद्यार्थ्यांच्या नावाने आधीच भरले गेले आहेत, ती मागायला संकोच करण्याचे काहीच कारण नाही. ग्रंथपालांना नाव, वर्ग आणि ईमेल लिहून एक साधा अर्ज द्यावा आणि पासवर्ड मिळेपर्यंत नम्रपणे पाठपुरावा करावा.

एन-लिस्टचे दोषही सांगितले पाहिजेत. तिचा संग्रह जवळजवळ पूर्णपणे इंग्रजी आहे, शोधखिडकी फोनवर वापरायला अवघड आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हव्या असलेल्या क्रमिक पुस्तकापेक्षा संशोधनपर लेखन तिथे अधिक आहे. पदव्युत्तर वर्गांसाठी, प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी आणि नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी ती अमूल्य ठरते, बी.ए. प्रथम वर्षाच्या मुलाला मात्र शिक्षकाने बोट धरून एखादे प्रकरण दाखवावे लागते. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी याहून मोठी सोय आता झाली आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके अशा संस्थांना खुली झाली. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठ परिसरात शिकणाऱ्यांनी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ती कशी वापरायची, हे शिकून घ्यावे.

इन्फ्लिबनेटचीच शोधगंगा ही सेवा तर कोणत्याही लॉगिनशिवाय सर्वांना खुली आहे. देशातील विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत, आणि त्यांत आपल्या दोन्ही विद्यापीठांतील मराठी प्रबंधही आहेत. संतसाहित्य, दुष्काळ, ऊसतोड मजुरांचे स्थलांतर, हैदराबाद मुक्तिसंग्राम अशा विषयांवर आपल्याच भागातील संशोधकांनी काय लिहिले आहे, हे वाचायला मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते. अडचण एवढीच की अनेक जुने प्रबंध स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे त्यांत शब्द शोधता येत नाही आणि प्रकरणे एकेक करून उतरवून घ्यावी लागतात. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. तिथे नोंदी प्रचंड आहेत, पण अनेक दुवे शेवटी मूळ प्रकाशकाच्या बंद दारापाशी नेऊन सोडतात. मराठीतून शिकणाऱ्यांसाठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत ई-पुस्तके अधिक भरवशाची आहेत. अभियांत्रिकी आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांनी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या ई-कुंभ संकेतस्थळावरील मराठी क्रमिक पुस्तके आवर्जून पाहावीत. ती पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात.

शिकवणीच्या साधनांत आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मला आपल्या भागासाठी सर्वाधिक योग्य वाटतो. सुमारे दहा मिनिटांच्या छोट्या चित्रफिती, मराठीतील स्पष्ट निवेदन, आणि पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ चालू ठेवून उरलेल्या अर्ध्या भागात तीच कृती स्वतः करून पाहण्याची पद्धत, असे त्याचे स्वरूप आहे. लिबरऑफिस, सी, पायथन, लिनक्स असे विषय त्यात आहेत. चित्रफिती एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे भारनियमन आणि अधूनमधून गायब होणारे नेटवर्क यांतूनही अभ्यास चालू राहतो. इंग्रजीच्या भीतीने संगणकापासून दूर राहिलेली मुले मराठी आवाज ऐकून निर्धास्तपणे कीबोर्डला हात लावतात, हे मी वर्गात पाहिले आहे. काही पाठ जुन्या आवृत्त्यांवर आधारलेले आहेत आणि पडद्यावरची बटणे जागा बदललेली दिसतात; त्या वेळी शिक्षक जवळ असलेला बरा.

स्वयम हे २०१७मध्ये सुरू झालेले केंद्र शासनाचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ आणि त्याच्या आधीपासून, २००३पासून, चालत आलेला आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम यांचे अभ्यासक्रम शिकायला पूर्ण मोफत आहेत. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. एनपीटीईएलची परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून शुल्काबरोबर प्रवासाचा खर्चही जमेस धरावा. विद्यापीठाच्या नियमांनुसार या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरले जाऊ शकतात, पण नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या विभागप्रमुखांची लेखी संमती घेतलेली बरी. शिकवण्याचा दर्जा विषयागणिक बदलतो. गणित आणि अभियांत्रिकीतील काही अभ्यासक्रम अप्रतिम आहेत, तर काही ठिकाणी केवळ फळ्यावरचे वाचून दाखवले जाते; पहिले दोन आठवडे पाहूनच पुढे जायचे की नाही ते ठरवावे.

खासगी कंपन्यांच्या सवलतींवर फार शब्द खर्च करण्याची गरज मला वाटत नाही. त्यांपैकी बहुतेकांना महाविद्यालयाने दिलेला ईमेल पत्ता लागतो आणि आपल्याकडील अनेक महाविद्यालये तो विद्यार्थ्यांना देतच नाहीत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी गिटहब या प्रोग्रॅमिंगच्या संकेतस्थळाचा स्टुडंट डेव्हलपर पॅक (प्रोग्रॅमिंगच्या साधनांचा मोफत संच) हा ठळक अपवाद आहे, कारण तिथे ओळखपत्राचे छायाचित्रही पुरावा म्हणून चालते. छायाचित्र स्पष्ट असावे आणि त्यावर चालू शैक्षणिक वर्ष दिसावे. लेखन, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी सवलतीतील मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या मागे लागण्यापेक्षा लिबरऑफिस वापरावे. ते कायमचे मोफत आहे आणि मराठीतही चालते. एक महिना मोफत म्हणून कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागणाऱ्या ॲपपासून दूर राहावे, कारण दुसऱ्या महिन्यापासून पैसे कापले जातात आणि ते बहुधा वडिलांच्या खात्यातून जातात.

रोख दिलासा देणाऱ्या शासकीय योजनांपैकी दोनच येथे नोंदवते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. या माफीत वसतिगृह आणि मेसचा खर्च येत नाही, हे प्रवेशाच्या वेळीच घरच्यांना सांगावे. अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर करताना बँक खाते आधारशी जोडलेले असणे अत्यावश्यक आहे. ते जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते. दुसरी योजना खास आपल्या भागाच्या नशिबाशी बांधलेली आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ होते. २०२३च्या ऑक्टोबरअखेर राज्यात ४० तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले, त्यांत अंबाजोगाई, धारूर, भोकरदन, मंठा, रेणापूर, लोहारा असे मराठवाड्यातील अनेक तालुके होते. अनेकदा हे शुल्क आधी भरून घेतले जाते आणि परतावा नंतर येतो, म्हणून भरलेल्या शुल्काची पावती जपून ठेवावी आणि खात्यात रक्कम जमा झाली का, याची कार्यालयात चौकशी करत राहावे.

‘दहा जणांना पाठवा’ असे सांगणारे मोफत लॅपटॉप योजनेचे संदेश दर वर्षी व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यातील दुव्यावर आधार क्रमांक भरून मुले फसतात. कोणतीही शासकीय योजना असे दहा जणांना संदेश पाठवायला सांगत नाही. संकेतस्थळाचा पत्ता शासनाचा आहे का, हे आधी पाहावे आणि शंका असेल तर महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकांना विचारावे. या विषयात त्यांना आम्हा प्राध्यापकांपेक्षा अधिक समजते.

महाविद्यालयांकडे माझी एक ठोस मागणी आहे. प्रवेश अर्जाबरोबरच एन-लिस्टच्या लॉगिनचा अर्ज भरून घ्यावा, एसटी पासची यादी पहिल्याच आठवड्यात आगाराकडे पाठवावी, आणि रेल्वेच्या मासिक पाससाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचे कोरे नमुने कार्यालयात तयार ठेवावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि कोणाच्या परवानगीची वाटही पाहावी लागत नाही. प्राचार्यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते याच जूनमध्ये निघू शकते.