जुन्या सी-१० ला छोटाच कॅमशाफ्ट का बसवला

गाडी १९७८ ची शेवरोले सी-१० पिकअप. ३५० घनइंचाचं इंजिन, टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ चा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे). इथे टेक्सासमध्ये तिच्या नशिबी लाकूड, माती आणि ट्रेलर ओढणं. मूळ कॅम, म्हणजे लोब नावाच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, झिजला होता, बदलणं भागच होतं.

विचारावं त्याने मोठा कॅम सुचवला, कारण सिग्नलवर उभी असताना गाडी छान धडधडते! मी एडलब्रॉकचा परफॉर्मर-प्लस २१०२ घेतला: ०.०५० इंच लिफ्टवर मोजलेलं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, इनटेक/एक्झॉस्ट) २०४/२१४ अंश, व्हॉल्व्ह लिफ्ट (तो किती उचलला जातो) ०.४२०/०.४४२ इंच, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं अंतर) ११२ अंश. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो जेमतेम साडेआठला एकच्या आसपास. मोठ्या ड्युरेशनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आत आलेलं मिश्रण पिस्टन परत बाहेर ढकलतो आणि जोर तिथेच मरतो. माझी गाडी ताशी ६० मैलांना २२०० आरपीएमच्या आसपास फिरते. पाच-सहा हजारांवरची ताकद घेऊन मी काय करू?

काही महिन्यांनी फरक सांगायचा तर, ट्रेलर लावून चढावर पूर्वी लगेच खालचा गिअर पडायचा, आता बहुतेक वेळा पडत नाही. आयडल (गाडी उभी, इंजिन चालू) शांत आहे, इंजिनाचा व्हॅक्यूम भरपूर, पॉवर ब्रेक त्यावरच चालतात, त्यामुळे त्यांना काही त्रास नाही. टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) मूळचाच चालला. साडेचार हजारांनंतर मात्र दम संपतो. मायलेजमध्ये फारसा फरक नाही, त्या आशेने कोणी घेऊ नये.

खरी काळजी नवा कॅम बसवल्यावर इंजिन चालवण्याच्या पहिल्या वीस मिनिटांची. हा फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे लिफ्टर (लोबवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा भाग) जवळपास सपाट तळाने लोबवर घासतो. लोब किंचित निमुळती आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो, म्हणून लिफ्टर फिरत राहतो. तो फिरला नाही तर लोब खलास. म्हणून लिफ्टर नवेच घ्यायचे, जुने अजिबात नाहीत. लोबांवर तेल मुख्यतः क्रँकवरून उडून येतं, त्यामुळे इंजिन चालू झालं की आयडलवर न ठेवता थेट दोन हजारांच्या वर न्यायचं आणि तिथेच वर-खाली करत राहायचं. इग्निशन टायमिंग आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल आधीच जमवून ठेवा. तेव्हा स्टार्टर घरघरवत बसणं परवडत नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंगही कॅमला जुळणाऱ्या घेतल्या. तेल जस्तवालं (जस्त लोबची झीज रोखतं), आणि ते कायमचं. हल्लीच्या साध्या तेलात जस्त कमी असतं. हा खर्च कॅमच्या किमतीत कोणी धरत नाही.

रोलर कॅमला (ज्याच्या लिफ्टरच्या तळाला छोटं चाक असतं) ही कटकट नाही, पण १९८७ पूर्वीच्या इंजिन ब्लॉकला जोडपट्टीवाले महागडे लिफ्टर लागतात. इंजिनच बदलायचं असेल तर १९९६ पासूनचं शेवरोलेचं व्होर्टेक ३५० बघा, त्यात रोलर कॅम कंपनीकडूनच येतो.