बर्फातले कपडे: सांगलीकर नवराबायकोचा चार महिन्यांचा अनुभव

नोव्हेंबरात घेतलेले कपडे, आता मार्च संपत आला, म्हणून आत्ता लिहितेय. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू टाकणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा कसा आहे ते सांगणं.

कारण असं झालं की यांचा विट्याचा वर्गमित्र जम्मूत गलाईचं दुकान चालवतो (आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पोचलेत, कुठल्याही शहरात सराफ कट्ट्यावर मराठी ऐकू आलं तर दचकू नका) आणि माझी मैत्रीण डेहराडूनला असते. दोघंही वर्षानुवर्षं या या म्हणत होते. मग यंदा जानेवारीत जम्मू-गुलमर्ग आणि फेब्रुवारीत डेहराडून-औली असं ठरवलं, आणि दोन्हीकडं स्कीइंग शिकायचंच असं मी ठरवलं, यांना विचारलं नाही.

घेतलं काय तर दोन थर्मलचे जोड, एक फ्लीस (लोकरीसारख्या मऊ, उबदार कापडाचं जॅकेट), वरून वॉटरप्रूफ जॅकेट, स्नो पँट, ग्लोव्हज आणि लोकरीचे मोजे. दोघांचं मिळून 19,000 च्या आसपास. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सासूबाई म्हणाल्या एवढ्यात तोळ्याचा काही भाग तरी आला असता, ते खरंच आहे.

सांगलीहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथनं पुढं जम्मू. जम्मूत बर्फ नसतो, नुसतं धुकं आणि हाडात शिरणारा गारठा, तिथं फ्लीस पुरलं. वहिनींना भडंग आणि बेदाणे नेले होते. काश्मीरच्या वाटेवर बेदाणे नेणारी मी एकटीच असेन, पण भडंग त्याच रात्री संपलं.

खरी परीक्षा गुलमर्गला. तंगमर्गपासून वर 13 किलोमीटरचा घाट आहे आणि बर्फ जास्त असला की टायरला साखळ्या लावलेल्या गाडीतनंच जावं लागतं. तंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्यानं मिळतात, एकाच दिवसासाठी जाणार असाल तर तेच घ्या, विकत घेण्याच्या फंदात पडू नका. आम्ही चार दिवस होतो. सांगली साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग 2,650 च्या आसपास, आणि गोंडोलाचा (तारेवरच्या पाळण्याचा) दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर जवळजवळ 4,000 मीटरला नेऊन सोडतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि सिम पोस्टपेड न्या, बाहेरचं प्रीपेड तिथं चालत नाही, आमचे हे दोन दिवस नुसते फोटो काढत बसले.

आता जॅकेट. गरम आहे का, असं सगळे विचारतात. पण प्रश्न गरमचा नाहीच ओ, कोरडं राहण्याचा आहे. शिकताना तुम्ही स्कीवर उभे कमी आणि बर्फात बसलेले जास्त असता, इन्स्ट्रक्टर ओरडतो 'पिझ्झा, पिझ्झा' (म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून ब्रेक मारायचा) आणि तुम्ही पिझ्झा करेपर्यंत खाली गेलेले असता. उठायचं तर हात बर्फात रोवावे लागतात. त्यामुळं भिजते ती पँटीची बैठक आणि ग्लोव्हज, जॅकेट नाही. आमच्या जॅकेटवर 10,000 लिहिलंय, म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसतं, आणि पँटीवर 5,000. बसलं की अंगाचा भार तेवढ्याच जागेवर येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांच्याही पँटी आतनं ओल्या. उलटं हवं होतं, पँट भारी आणि जॅकेट साधं. आम्ही पैसे जॅकेटवर घातले कारण फोटोत तेच दिसतं, हे कबूल करते.

ग्लोव्हजचा तर रागच आहे. तासाभरात बोटं ओली, आणि एकदा ओलं झालं की कितीही जाड असू दे, उपयोग शून्य. तिसऱ्या दिवशी मी हात फिरन (काश्मिरी लांब झगा) घातलेल्या काकांच्या कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीवर, धरून बसले होते. थर्मलला मात्र पैकीच्या पैकी. पण आत सुती बनियन घालू नका, यांनी सवयीनं घातला आणि घामानं भिजून कुडकुडले. मोजे एकच जोडी. स्की बूट घट्ट असतो, दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात.

औलीला आम्ही गेलो तेव्हा जोशीमठचा रोपवे बंद होता, गाडीनंच वर गेलो. बर्फ बेताचाच, पण समोर नंदादेवी, 7,816 मीटर, त्यापुढं कोण स्की बघतंय. इथं मी न पडता उतारावरनं शंभरेक पावलं खाली आले. यांनी व्हिडिओ काढला नाही, फोनची बॅटरी थंडीनं मेली होती. फोन आतल्या खिशात ठेवा, म्हणजे असे वाद होत नाहीत. आणि गॉगल, सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरनं परत येणारं ऊन खालून भाजतं, माझं नाक आठवडाभर सालपटं काढत होतं.

घरी आल्यावर एक चूक झाली. जॅकेट नेहमीच्या पावडरनं धुतलं, वर कंफर्ट घातलं, आणि पुढच्या वेळी पाणी थेंबाथेंबानं ओघळायच्या ऐवजी कापडातच मुरायला लागलं. सौम्य लिक्विडनं पुन्हा धुऊन, वर सुती कापड टाकून अगदी मंद इस्त्री फिरवल्यावर बरंच सुधारलं. तुम्ही आधी लेबल वाचा. यांच्या जॅकेटची चेन फेब्रुवारीत गेली, दुकानवाले म्हणाले वॉरंटीत बसत नाही. मारुती रोडच्या शिंप्यानं दुसरी बसवून दिली, तीच आता मूळच्या चेनपेक्षा सुरळीत चालतेय.

फ्लीस मी जानेवारीत पहाटे आयर्विन पुलावर फिरायला जाताना घालत होते, तेवढं एकच सांगलीत कामाला आलं. बाकी सगळं डांबरगोळ्या घालून माळ्यावर ठेवलंय. ग्लोव्हज नाही ठेवले, ते देऊन टाकले, पुढच्या नोव्हेंबरात चार बोटं एकत्र असतात तसले घेणार, आणि पँटी दोघांच्याही नवीन.