फॅमिलीसर्च: जुन्या अमेरिकेतल्या शेतजमिनींच्या वाटण्या मुळातून वाचायच्या तर

अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, शेतकरी वारला की त्याची जमीन मुलांत कशी वाटली जाई, हे मूळ कागदांवरून वाचायचं असेल तर फॅमिलीसर्च या साइटला तोड नाही. खातं उघडावं लागतं, पैसे पडत नाहीत. ही सेवा युटामधलं मॉर्मन चर्च चालवतं. मायक्रोफिल्म काढायचं त्यांचं काम १९३८ पासूनचं. काउंटी म्हणजे जिल्हा, तिथल्या कोर्टांतली दप्तरंच्या दप्तरं त्यांनी फिल्मवर उतरवली, ती आता घरबसल्या उघडता येतात.

मी मुख्यतः मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर काउंटीच्या, वारलेल्यांच्या मालमत्तेच्या फायली वाचते. त्या १७३१ पासूनच्या आहेत. नव्याने बघणाऱ्याला माझा आग्रह एकच: मृत्युपत्रांच्या मागे आधी लागू नका. मृत्युपत्र न करताच जो गेला, त्याची फाइल उघडा. कोर्टाने नेमलेली माणसं आधी घरभर फिरून यादी करत. गाय, नांगर, पिसांची गादी, चरखा, प्रत्येकापुढे पौंड-शिलिंग-पेन्समध्ये किंमत. मग पंच शेतात उतरत.

वाटणीचा हिशोब १६९२ च्या कायद्याने ठरलेला. विधवेला जंगम मालमत्तेचा तिसरा हिस्सा कायमचा, जमिनीचा तिसरा हिस्सा मात्र हयातीपुरता. उरलेल्यात थोरल्या मुलाला दोन वाटे, बाकीच्यांना, मुलींनाही, एकेक. म्हणजे चार भावंडं असली की पाच वाटे पडत. थोरल्याचा हा दुप्पट वाटा मॅसॅच्युसेट्समध्ये १७८९ मध्ये बंद झाला. तिकडे व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याकडेच जाई. तो नियम मोडणारा कायदा १७८५ चा.

पण कायदा कुठल्याही पुस्तकात मिळेल. फायलीत मिळतं ते वेगळंच. एका वाटणीपत्रात पंचांनी विधवेच्या नावे पूर्वेकडची खोली लावली आहे, तिच्याखालचं अर्धं तळघर, पाव भाजायला भट्टी वापरायची मुभा आणि विहिरीवर जाण्या-येण्याची वाट. बाकीचं घर थोरल्याचं. ज्या घरात सगळा संसार झाला, तिथे पाण्यापर्यंतची वाट कागदावर लिहून घ्यावी लागली. त्या पानाशी मी बराच वेळ थांबले. पंचांवर मला राग नाही आला. उद्या सून आणि सासू यांचं पटलं नाही तर म्हातारीचं पाणी तुटू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

चतुःसीमा वाचायला थोडा सराव लागतो. खूण केलेला ओक, तिथून इतके रॉड दक्षिणेला, दगडांचा ढीग. एक रॉड साडेसोळा फुटांचा, एवढं लक्षात ठेवलं की कागदावर नकाशा काढता येतो. शेत लहान असेल तर पंच लिहितात की तुकडे केले तर सगळ्याचंच नुकसान. मग बहुधा थोरला अख्खी जमीन घेई आणि भावंडांना त्यांच्या वाट्याची रक्कम देई. त्या पावत्याही फायलीत असतात. लग्न झालेल्या बहिणीच्या पावतीवर नवऱ्याची सही हमखास.

२०२४ मध्ये आलेली पूर्ण मजकुरातली शोधसोय मला सगळ्यात मोलाची वाटते. यंत्र जुनं हस्ताक्षर वाचून शब्द शोधून देतं. जुनी सूची मयताच्या नावाने, त्यामुळे मुली, सुना, जावई तिथे सापडतच नसत. आता पावतीतलं नावही हाती लागतं.

आणि ज्यांना माणूस म्हणून मोजलंच नव्हतं, तेही सापडतात. व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रांत मुलीला गादी आणि गाय देतात त्याच ओळीत एखादी गुलाम बाईही देतात, तिला पुढे होणाऱ्या मुलांसकट. आडनाव नाही, नुसतं नाव. त्यांचे वंशज आज आपली माणसं शोधतात तेव्हा दुसऱ्याच्या वाटणीतली ती एक ओळ कधीकधी एकमेव पुरावा असते. एवढ्यासाठीसुद्धा ही सेवा मोफत राहायला हवी.

काही फिल्म करारांमुळे फक्त फॅमिलीसर्चच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांत उघडतात. जवळचं केंद्र साइटवरच शोधता येतं. जाताना काउंटीचं नाव, वर्ष आणि फाइल क्रमांक लिहून न्या.