टूलला कोणते कंपन द्यावे: अल्ट्रासॉनिक की मंद?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) स्टेनलेस स्टीलचे छोटे भाग टर्निंग करणाऱ्या, म्हणजे लेथवर फिरवून कापणाऱ्या, कारखानदाराला घर्षण आणि त्याबरोबर वीज कमी करायची असेल, तर टूलला (कापणाऱ्या हत्याराला) अल्ट्रासॉनिक कंपन देणारे उपकरण बसवता येते किंवा मंद कंपनाची सोय असलेले सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ घेता येते.

अल्ट्रासॉनिक पद्धतीत टूलची धार कापण्याच्या दिशेने सेकंदाला सुमारे 20,000 वेळा, काही मायक्रॉन पुढे-मागे होते. मागे येताना ती किसापासून (कापून निघणाऱ्या धातूच्या पट्टीपासून) क्षणभर सुटते, त्यामुळे सरासरी कापबल, म्हणजे कापायला लागणारा जोर, उतरते आणि धारेला धातू चिकटणे कमी होते. 1994 मध्ये जपानच्या शामोतो आणि मोरिवाकी यांनी मांडलेल्या लंबवर्तुळी कंपनात तर धार वर जाताना किसाला बाहेर ओढते, म्हणजे तेवढ्या क्षणी घर्षणाची दिशाच उलटते.

मात्र साध्या, एकाच दिशेच्या कंपनात धार सुटण्यासाठी कापण्याचा वेग कंपनाच्या कमाल वेगापेक्षा कमी असावा लागतो. 20 किलोहर्ट्झ वारंवारता आणि 10 मायक्रॉन आयाम (मध्यापासून एका बाजूची हालचाल) धरल्यास ही मर्यादा मिनिटाला सुमारे 75 मीटर येते. 20 मिलिमीटर व्यासाचा दांडा 1,200 आरपीएमच्या वर फिरवला की उपकरणाचा मुख्य फायदा संपतो. कोटिंगच्या कार्बाइड इन्सर्टने (टूलवर बसवायच्या कठीण, बदलत्या धारेने) आपण स्टेनलेस एरवी याहून बऱ्याच वेगाने कापतो, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

विजेच्या बाबतीत मी सावधपणे बोलेन. कापबल घटले तरी बिल त्याच प्रमाणात उतरत नाही, कारण लेथची बरीच वीज कुलंटचा पंप, हायड्रॉलिक आणि कंट्रोल यांत जाते. त्यात अल्ट्रासॉनिक जनरेटरची भर पडते, आणि वेग उतरवल्याने जॉब मशीनवर जास्त वेळ राहिला, तर नगामागे युनिट वाढूही शकतात.

मंद कंपनात टूल फीडच्या दिशेने, म्हणजे ते दांड्यावर पुढे सरकते त्या दिशेने, स्पिंडलच्या फेऱ्यांशी मेळ राखून हलते, धार ठरावीक अंतराने धातूबाहेर येते आणि कीस तुटतो. घर्षणातील घट इथे दुय्यम असली, तरी टूलभोवतीचा किसाचा गुंता काढण्यासाठी मशीन वारंवार थांबत असेल, तर त्या थांबलेल्या वेळेतली वीज नक्की वाचते. म्हणून मोठ्या संख्येच्या स्टेनलेस कामाला मी मंद कंपनच सुचवेन आणि फिनिशिंगच्या पासला (पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या शेवटच्या फेरीला) ते बंद ठेवेन. बारीक, वाकणारे दांडे किंवा कठीण मिश्रधातू कमी वेगाने कापायचे असतील, तर अल्ट्रासॉनिक योग्य. पण चाचणीच्या वेळी मीटर मशीनच्या मुख्य पुरवठ्यावर लावून, जनरेटरसह, नगामागचे युनिट मोजावेत.