वहिनी, तुमचे दिवस भरलेत

मी मस्कतला अकरा वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते तीन आकड्यांची बेरीज न केल्यामुळे झालं.

जून २०२४ मध्ये आम्ही कायमचं परत यायचं ठरवलं. मुलाची शाळा सुरू होणार म्हणून मी आणि मुलगा ९ जूनला आलो. नवऱ्याचा कंपनीतला हिशेब पुरा व्हायचा होता, तो ऑगस्टमध्ये येणार होता. सामान म्हणजे एकतीस खोकी, वॉशिंग मशीन, २८० लिटरचा फ्रीज, टीव्ही, मुलाची सायकल आणि पुस्तकं. ते जहाजाने पाठवायचं होतं. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात विचारलं तर दोघातिघांनी एकाच माणसाचा नंबर दिला. आपलाच माणूस, साताऱ्याकडचा, पनवेलला असतो, दारापासून दारापर्यंत सगळं बघतो. नवऱ्याला ‘दादा’ आणि मला पहिल्या फोनपासून ‘वहिनी’. दर बाकीच्यांपेक्षा कमी होता. तिथेच माझे कान टवकारायला हवे होते, पण परदेशात मराठीत गोड बोलणारा माणूस भेटला की आपण विरघळतो.

सामान सोहार बंदरातून निघालं. (मस्कतचा मालवाहतुकीचा व्यवहार २०१४ पासून तिकडे गेलाय.) मी आल्यापासून महिन्याच्या आत ते तिकडून रवाना व्हायला हवं, एवढा एक नियम मला माहीत होता. तो पाळला गेला होता, म्हणून मी निवांत होते. सामान माझ्या नावावर सोडवायचं हेही त्यानेच सुचवलं. “दादा येईपर्यंत कशाला थांबायचं?”

जुलैच्या मध्यावर न्हावा शेव्याला माल उतरला आणि मी चिपळूणहून पनवेलला नणंदेकडे येऊन राहिले. १९ जुलै, शुक्रवार. सीएफएस म्हणजे कंटेनरमधला माल उतरवून ठेवतात ते गोदाम, उरणच्या बाजूला. धो धो पाऊस. तो मला गेटसमोरच्या चहाच्या टपरीत बसवून म्हणाला, “आत लेडीजना बसायला जागा नाही, वहिनी. पासपोर्ट आणि चाव्या द्या, मी बघतो.” फॉर्मवर सह्या त्याने आदल्या दिवशीच घेतल्या होत्या. कोऱ्या फॉर्मवर.

आपल्या सामानाची तपासणी होते तेव्हा आपल्याला हजर राहता येतं. हे मला नंतर कळलं.

दुपारी साडेचारला तो बाहेर आला. छत्री मिटली, बाकावर बसला आणि अंगठ्याला थुंकी लावून माझा पासपोर्ट उलटू लागला. प्रत्येक शिक्क्यापाशी थांबायचा, ओठ हलवायचा, मोबाइलवर काहीतरी टिपायचा. मुंबई विमानतळाचे येण्याजाण्याचे शिक्के. शेवटी मोबाइल माझ्यापुढे धरला: ४९, ५८, ५२, ३९. बेरीज १९८. “वहिनी, तुमचे दिवस भरलेत. सहा महिन्यांच्या वर गेलात. टीआर गेला.”

टीआर म्हणजे ट्रान्स्फर ऑफ रेसिडन्स, मुक्काम हलवून कायमचं परत येणाऱ्यांना मिळणारी सवलत. तेव्हा कस्टम्सचे बॅगेज रूल्स २०१६ लागू होते. सलग दोन वर्षं किंवा जास्त परदेशात राहून आलात, त्या दोन वर्षांत भारतातल्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांवर गेल्या नाहीत आणि आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसेल, तर ५ लाखांपर्यंतचं घरगुती सामान करमुक्त. टीव्हीसारख्या काही वस्तू त्यात धरत नाहीत, त्यांची ड्युटी वेगळी. सवलत गेली तर ड्युटी ३५ टक्के, त्यावर अधिभार, म्हणजे ३८.५ टक्के. त्याने सामानाची किंमत ४ लाख १० हजार धरून कॅल्क्युलेटर पुढे केला: १,५७,८५०. वापरलेले कपडे आणि वैयक्तिक वस्तू यांच्यावर अशीही ड्युटी लागत नाही, पण हे सांगणारं त्या टपरीत कोण होतं?

मग आवाज उतरला. “साहेब आपल्या ओळखीचे आहेत. पंच्याण्णवमध्ये बसवतो. पण आत्ताच. उद्या शनिवार, परवा रविवार, भाडं रोज चढतंय.”

गोदामाचं भाडं खरंच चढतं, त्यात खोटं नव्हतं. आणि पंच्याण्णव हजारच का, तर यूपीआयची दिवसाची मर्यादा लाखाची. एवढा विचार मी आज करू शकते. त्या वेळी डोळ्यांपुढे फक्त पावसात भिजणारी खोकी होती. मी एका इलेक्ट्रिकल दुकानाच्या क्यूआर कोडवर पैसे टाकले. हो, मी ‘साहेबांना’ द्यायला हो म्हटलं. हा भाग नातेवाइकांना सांगताना मी बरेच दिवस गाळत होते.

सोमवारी सामान सुटलं, बुधवारी चिपळूणला पोचलं. एक खोकं ओलं झालं होतं, बाकी सगळं ठीक. मी त्याला धन्यवादाचा मेसेजही पाठवला.

ऑगस्टमध्ये नवरा आला. त्याला फ्रीजचं वॉरंटी कार्ड हवं होतं, म्हणून वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये ट्रकवाल्याने कोंबलेली प्लास्टिकची पिशवी उघडली. त्यात माझ्याच नावाच्या बॅगेज डिक्लेरेशनची, म्हणजे कस्टम्सला दिलेल्या सामानाच्या फॉर्मची, झेरॉक्स होती. टीआर मंजूर. सगळं सामान ५ लाखांच्या मर्यादेत. ड्युटी लागली होती ती फक्त टीव्हीवर आणि तीही चार आकडी. शेजारी बँकेत भरल्याचं चलन.

आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट घेऊन बसलो. मुलाने पेन्सिल आणून दिली. मी ९ जून २०२४ ला आले, म्हणजे मोजायचं ९ जून २०२२ पासून. २०२२ चा उन्हाळा ५८ दिवस, २०२३ चा ५२, आणि सासूबाई आजारी होत्या तेव्हाचा डिसेंबर-जानेवारी ३९. एकशे एकोणपन्नास. मग ४९ कुठून आले? मार्च-एप्रिल २०२२, माझे वडील गेले तेव्हाची फेरी. ती दोन वर्षांच्या बाहेरची. माझ्या वडिलांच्या दिवसांचे शिक्के त्याने बेरजेत घातले होते. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

फोन केला तर आधी ‘मीटिंगमध्ये आहे’, मग ‘ती झेरॉक्स दुसऱ्या कुणाची असेल’. नवऱ्याने आवाज चढवला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “दादा, करा तक्रार. पण २०१८ पासून लाच देणाराही आरोपी होतो. वहिनींच्या खात्यातून पैसे गेलेत.”

हा त्याचा खरा धंदा. बेरीज ही नुसती पहिली पायरी. पैसे अशा नावाने घ्यायचे की तुम्हाला पोलिसांकडे जायची लाज वाटावी. आम्ही तीन आठवडे गप्प बसलो.

शेवटी नवऱ्याचा वर्गमित्र वकील आहे, त्याला विचारलं. तो आधी हसला. कायद्यात तशी तरतूद आहे, २०१८ च्या दुरुस्तीने आली. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं असतं, ते आमच्याकडून राहून गेलं होतं. “पण इथे लाच दिलीस कुणाला?” तो म्हणाला. “सवलत तुला नियमाने मिळालीच होती. साहेबाचं नाव सांगून त्याने पैसे स्वतःच्या खिशात घातले. ही साधी फसवणूक. पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेत ३१८.” मग त्याने विचारलं, त्या माणसाकडे कस्टम्स ब्रोकरचं कार्ड होतं का? परवानाधारक ब्रोकरच्या माणसांना एफ, जी किंवा एच कार्ड असतं, आणि त्यांच्याशिवाय पैसे घेऊन हे काम दुसऱ्या कुणी करायचं नसतं. कार्ड दाखवा म्हणणं मला सुचलंच नव्हतं. गळ्यात काहीतरी लटकत होतं खरं, पण ते मी नीट पाहिलंही नाही.

आम्ही पोलीस ठाण्यात अर्ज दिला. सोबत झेरॉक्स, यूपीआयची पावती आणि मी पाठवलेला तो धन्यवादाचा मेसेज. अर्जाची पोच मिळाल्याचा फोटो त्याला पाठवला, तेव्हा चार दिवसांत २५ हजार आले, महिन्याने १५. मग नंबर बंद.

कुणी परत येत असाल तर शिक्के घरीच मोजा, येण्याच्या तारखेपासून मागे दोन वर्षं, आणि घरातल्या प्रत्येकाचे वेगळे. फेऱ्यांचे दिवस थोडे जास्त भरले तरी लगेच सगळं गेलं असं नसतं. २०२४ च्या नियमांत कारण पटलं तर वरिष्ठ अधिकारी ते माफ करू शकत होते, त्यासाठी रीतसर अर्ज असायचा. ड्युटी भरली की चलन मिळतं, आणि ते तुमच्या नावाचं असतं, इलेक्ट्रिकलच्या दुकानाचं नव्हे. वरचे आकडे २०२४ चे आहेत. तुम्ही याल तेव्हा लागू असलेला नियम कस्टम्सच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. मी तो पहिल्यांदा वाचला ऑगस्टमध्ये. पंधरा मिनिटं लागली.

व्हॉट्सॲप गटात मी सगळं लिहून टाकलं होतं. ॲडमिनने अर्ध्या तासात मेसेज काढला: “ताई, वैयक्तिक वाद इथे नकोत.” परवा तिथल्या एका मैत्रिणीने विचारलं, सामान पाठवायला कुणी ओळखीचं आहे का, गटात एक नंबर मिळालाय. नंबर नवा होता. डीपीवर तीच छत्री.