स्प्रिंग बूट, मेव्हन आणि हायबरनेट: बहुमॉड्यूल प्रणालीचा वापरानंतरचा अनुभव

खरेदी, साठा आणि देयके सांभाळणारी आमची वेब प्रणाली गेले काही महिने जावा 17, स्प्रिंग बूट 3 (जावा प्रणाली उभारण्याचा सांगाडा), हायबरनेट (जावा क्लास आणि डेटाबेसची टेबले यांची सांगड घालणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर चालू आहे. प्रत्येक विषयाचे स्वतंत्र मॉड्यूल आणि सर्वांना एकत्र आणणारे एक वेब मॉड्यूल अशी तिची रचना आहे. माझे मत असे, की मेव्हन (कोडची बांधणी, म्हणजे बिल्ड, करणारे साधन) मॉड्यूलांमध्ये पक्क्या भिंती बांधून देतो, परंतु डेटाबेसच्या बाजूला त्या भिंतींना दारे राहतात.

मेव्हनविषयी तक्रार फारशी नाही. लायब्ररींच्या आवृत्त्या मूळ पॉममध्ये (मेव्हनच्या मांडणीच्या फायलीत) एकदाच लिहाव्या लागतात, बिल्डचा क्रम मेव्हनचा रिअ‍ॅक्टर स्वतः ठरवतो आणि दोन मॉड्यूल परस्परांवर अवलंबून राहू लागले तर बिल्ड तिथेच थांबते. मात्र स्प्रिंग बूटचे प्लगिन केवळ वेब मॉड्यूलमध्येच लावावे. ते सर्वत्र लावल्यास जारची (बांधलेल्या कोडच्या फायलीची) मांडणी बदलते आणि शेजारच्या मॉड्यूलला त्यातील क्लास सापडत नाहीत.

खरी कसोटी एंटिटींपाशी (टेबलांशी जोडलेल्या जावा क्लासांपाशी) लागते. देयकाच्या एंटिटीतून खरेदीच्या एंटिटीकडे मेनी-टू-वन (अनेकांचे एकाशी) नाते जोडणे सोपे असते, पण जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतो त्या जावाच्या मानकात) हे नाते मुळात ईगर, म्हणजे जोडलेली नोंद लगेच आणणारे, असल्याने देयकांची यादी मागवली की खरेदीच्या नोंदींसाठी क्वेरींची रांग लागते. आम्ही मॉड्यूलची सीमा ओलांडताना केवळ आयडी ठेवतो. फॉरेन की (दोन टेबलांना जोडणारे बंधन) डेटाबेसमध्ये कायम असते. ‘ओपन इन व्ह्यू’ ही, विनंती संपेपर्यंत हायबरनेटचे सत्र उघडे ठेवणारी, सुविधा स्प्रिंग बूट आपणहून चालू ठेवतो आणि सुरू होताना तसा इशाराही देतो, जो बहुतेक जण वाचत नाहीत. तिच्यामुळे उत्तर तयार होत असतानाही लेझी (गरज पडेल तेव्हाच नोंद आणणारी) नाती गुपचूप डेटाबेसपर्यंत पोहोचतात, आणि हिकारीच्या पूलमध्ये (डेटाबेसच्या जोडण्यांच्या साठ्यात) मुळात 10 जोडण्या असताना त्या विनाकारण अडकून राहतात. ती बंद केल्यावर लेझी इनिशियलायझेशनचे अपवाद (प्रणाली चालताना येणाऱ्या त्रुटी) दिसू लागतात. ते त्रासदायक असले तरी चूक नेमकी कुठे आहे ते सांगतात.

डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या फ्लायवेचाही असाच प्रश्न आहे. प्रत्येक मॉड्यूलच्या मायग्रेशन (रचनाबदलाच्या) फायली शेवटी एकाच क्लासपाथवर (जावा जिथे क्लास आणि फायली शोधतो तिथे) येतात आणि दोन मॉड्यूलांनी एकच आवृत्तिक्रमांक वापरला, तर प्रणाली सुरूच होत नाही. क्रमांकाऐवजी तारीख-वेळ लिहिण्याचा नियम केल्यापासून हा वाद मिटला.

अहवालांचे दार मात्र उघडेच आहे. महिनाअखेरच्या ताळमेळाला तिन्ही मॉड्यूलांची टेबले एकत्र लागतात, म्हणून त्यासाठी वेगळे मॉड्यूल करून थेट एसक्यूएल लिहिले आहे. तिथे एखाद्या स्तंभाचे नाव बदलले तर कंपायलर अवाक्षर काढत नाही. त्यामुळे प्रत्येक बिल्डमध्ये या क्वेरी टेस्टकंटेनर्सच्या (चाचणीपुरता डेटाबेस उभा करणाऱ्या लायब्ररीच्या) मदतीने खऱ्या पोस्टग्रेसवर चालवून पाहतो; बिल्ड रेंगाळते, तरीही एचटू या मेमरीत चालणाऱ्या हलक्या डेटाबेसवर परत जाण्याचा विचार नाही.