पडद्यामागच्या टूरचे आठ महिने आणि तो कानातला रिसीव्हर

रविवारी थीम पार्कची चौथी बिहाइंड द सीन्स टूर झाली आणि घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी तक्रारीचा मेल टाकला, एवढी चिडले होते. कारण एकच, कानातला रिसीव्हर, म्हणजे गाइडचं बोलणं ऐकायला देतात तो. दोन तासांची टूर, त्यातली पहिली वीस मिनिटं नीट ऐकू आलं, मग खरखर सुरू झाली, आणि रोलर कोस्टरच्या मशीनरूममध्ये पोचेपर्यंत सगळं बंद. गाइड हातवारे करून काहीतरी समजावतोय, बाकीचे माना डोलावतायत आणि माझ्या कानात फक्त कॉम्प्रेसरची घरघर. बदलून मागितला तर म्हणे, "मॅडम, एक्स्ट्रा नाहीये, जरा पुढे येऊन उभ्या राहा." पुढे कुठे येऊ? पिवळ्या पट्टीच्या आत यायचं नाही हे पण त्यानेच सांगितलेलं.

मी पैसे मोजून खर्च करते. या टूरचे पैसे एन्ट्री तिकिटाच्या वर वेगळे द्यावे लागतात, राइडवर बसायला मिळत नाही, फोटो काढायचे नाहीत, घरी नेण्यासारखं काही नाही. म्हणजे आपण पैसे देतो ते निव्वळ माहितीचे, आणि ती माहिती येते कानातून. मग रिसीव्हर चालला नाही तर टूर झालीच नाही, माझं तरी असंच म्हणणं आहे.

पहिली टूर स्टेज आणि कॉस्च्युमची होती, ठीकठाक. ड्रेस धुवायची सोय, परेडच्या गाड्या ठेवायची शेड, पाहुण्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून झाडांत मिसळून जाईल अशा फिकट हिरव्या रंगाने रंगवलेल्या भिंती. एकदा बघायला बरं आहे. तिसरी वॉटर राइडच्या पंपहाऊसची, तिथेही खरखर, त्यामुळे फिल्टरबद्दल मला अर्धंच कळलंय.

पण दुसरी टूर! ती सकाळची होती, पार्क उघडायच्या आधीची, सोबत भाचा होता आणि मेकॅनिक स्वतः बोलत होता. रोज पहाटे हे लोक कोस्टरचा ट्रॅक चालत चालत तपासतात, अगदी चढावावरच्या पायऱ्यांनी वरपर्यंत. मग रिकाम्या गाड्या फिरवतात आणि त्यानंतरच माणसं बसवतात. गाडीची चाकं त्याने खालून दाखवली. रुळाच्या वर एक, बाजूला एक आणि खालून धरणारं एक. हे खालचं चाक असतं म्हणून गाडी रुळावरून वर उचलली जात नाही, त्याचं पेटंट जॉन मिलर या माणसाने १९१९ साली घेतलेलं. आणि चढताना जो टकटक टकटक आवाज येतो ना, ज्याने पोटात गोळा येतो, तो साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा. मी इतकी वर्षं त्या आवाजाला घाबरत होते, आणि तोच आपल्याला धरून ठेवणारा निघाला.

भाच्याने विचारलं, "मावशी, मधेच लाइट गेली तर गाडी थांबणार कशी?" मेकॅनिकने ऐकलं आणि म्हणाला, "बाळा, लाइट गेली तर ती ब्रेकवर नक्की थांबते." तिथल्या ब्रेकचं असं आहे की हवेचा दाब ब्रेक उघडा धरून ठेवतो आणि स्प्रिंग तो बंद करते. दाब गेला, वीज गेली, की ब्रेक आपोआप बंद. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, रेल्वेसारखंच. पुढची गाडी हलली नाही तर मागचीला चढावावर किंवा ब्रेकवर थांबवून ठेवतात. म्हणजे वर अडकून राहतो तेव्हा बहुतेक वेळा हीच सिस्टिम आपलं काम करत असते.

मग त्याने तांब्याच्या पाइपात एक लोहचुंबक सोडलं. भाच्याला वाटलं टपकन खाली पडेल, तर ते पाण्यात बुडाल्यासारखं हळूहळू उतरलं. शेवटच्या वळणावरचे मॅग्नेटिक ब्रेक याच तत्त्वावर चालतात, चुंबक आणि धातूच्या पट्ट्या एकमेकांना न लागता वेग खातात, त्याला वीज लागतच नाही. मात्र वेग कमी झाला की त्यांचा जोरही कमी होतो, त्यामुळे पूर्ण थांबवायला दुसरे ब्रेक लागतातच. ही दोन वाक्यं ऐकायला मिळाली, तिथेच माझे पैसे वसूल झाले. भाचा अजून घरात चुंबक घेऊन फिरतो.

फोटोबंदीवरून मी आधी खूप कुरकुर केली होती, ती मागे घेते. ट्रॅकखाली उभं असताना कुणाचा मोबाइल हातातून निसटला तर काय होईल हे चाकं बघितल्यावर कळतं. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे १९७१ साली उघडलेल्या पार्कात, रस्त्यांच्या खाली कर्मचाऱ्यांचे बोगदे आहेत, तिथल्या टूरमध्येही पडद्यामागे कॅमेरा चालत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. ते बोगदे खणलेलेच नाहीत म्हणे, पाणी फार वर लागतं म्हणून जमिनीवरच बांधले, शेजारच्या तळ्यातून काढलेली माती वर भरली आणि पार्क त्यावर उभं केलं. आमच्या इथे भाच्याला घेतलं यासाठी तरी मी आभारी आहे.

अपडेट: वरचं सगळं सोमवारी लिहिलं होतं. मंगळवारी उत्तर आलं, शनिवारच्या बॅचमध्ये कोस्टरच्या भागाला पैसे न घेता या म्हणून. गेले. त्यांच्या टेक्निशियनने माझ्यासमोर जुना रिसीव्हर तपासला तर तो ठणठणीत होता, इयरपीसची वायर पिनपाशी तुटलेली. माझ्या पर्समधले साधे वायरवाले इयरफोन त्याच भोकात बसले आणि आवाज असा स्वच्छ की मागे शेवटी उभी राहूनही सगळं ऐकू आलं. त्यामुळे रिसीव्हर भंगार आहे असं मी मेलमध्ये लिहिलं होतं ते चूक. पण एक राग अजून आहे. रोज पहाटे अख्खा ट्रॅक पायी तपासणारी माणसं तुमच्याकडे आहेत, मग लोकांच्या हातात द्यायच्या आधी पाचपंचवीस वायरी तपासायला किती वेळ लागतो? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

सीझन संपल्यावर गाड्या पूर्ण खोलतात आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे शोधतात, तेव्हाची टूर वर्षातून थोडेच दिवस असते. दोन जागा बुक केल्यात. इयरफोनच्या दोन जोड्या आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवल्यात, एक माझी, एक भाच्याची.